कोंबड्या ठणठणीत, मग टर्कीच का मरतायत?

पत्र: दादा, आम्ही आजरा तालुक्यातले. परड्यात पंचवीस-तीस गावठी कोंबड्या आणि चार बदकं आहेत. मामांनी टर्कीची एक मोठी जोडी दिली होती, ती बघून हौस वाढली आणि मार्चमधे गाडीवाल्याकडून टर्कीची दहा पिल्लं घेतली. एका खुडूक कोंबडीने ती आपली म्हणून सांभाळली. छान वाढली, पण पाऊस लागल्यापासून एकेक पिल्लू मान टाकून, पंख लोंबवून कोपऱ्यात उभं राहतं आणि शीट पिवळीधमक होते. चार मेली. कोंबड्यांना काहीच झालेलं नाही. सासूबाई म्हणतात नजर लागली. दुकानदाराने जंताची पावडर आणि ब्रॉयलरच्या खाद्याचं पोतं दिलंय. प्रोटीनसाठी खुराड्याशेजारच्या गांडूळखताच्या बेडमधली गांडुळंही टाकते. मोठा नर कोंबड्यांवर चढतो, एक लंगडतेय. टर्कीची मादी अंडी देते ती कोंबडीखाली बसवू का? आणि मुळात हे सगळं एकत्र चालतं का? नाताळात गोव्याला विकायचा विचार होता. – एक वाचक

ताई, नजरबिजर काही नाही. तुमचं पत्र वाचताना पिवळीधमक शीट आली तिथेच शंका आली, पुढे कोंबड्या ठीक आहेत म्हणालात तेव्हा ती वाढली आणि गांडुळांपाशी आलो तेव्हा म्हटलं झालं, आता हेच असणार. ह्याला ब्लॅकहेड म्हणतात. नावावर जाऊ नका, डोकं काळं पडतंच असं नाही, खरी खूण म्हणजे गंधकासारखी पिवळी शीट आणि झोपाळलेलं, मान आत घेतलेलं पिल्लू. इथून बसून मी रोग नक्की करू शकत नाही, ते पक्षी उघडून बघितल्यावरच कळतं, पण बाकीच्या सहा पिल्लांसाठी थांबायला वेळ नाहीये म्हणून हाच धरून सांगतो.

होतं काय, की कोंबडीच्या आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्यात दोऱ्यासारखा बारीक पांढरा जंत राहतो. परड्यात फिरणाऱ्या गावठी कोंबडीत तो असतोच म्हणा ना, आणि तिचं त्याने फारसं काही बिघडत नाही. पण ह्या जंताच्या अंड्यात ब्लॅकहेडचा सूक्ष्म परजीवी लपून बसतो. नुसता उघड्यावर पडला तर तो काही तासांत मरतो, पण अंड्याच्या आत असला की मातीत वर्षानुवर्षं जिवंत! ती अंडी गांडूळ खातं, त्याच्या पोटात जंताची पिल्लं साठत राहतात आणि मग ते गांडूळ टर्कीच्या पिल्लाने खाल्लं की सगळा माल एका घासात पोटात. तुमचा बेड खुराड्याला लागून आहे, कोंबड्या त्यात उकरायला जात असणार, तिथेच शिटत असणार, म्हणजे त्यातलं गांडूळ टर्कीसाठी काय आहे ते तुम्हीच बघा. प्रोटीन चांगलं मिळतं हे खरंच आहे, म्हणून तर लोक देतात, आणि कोंबडी नसलेल्या जागेतलं असतं तर मी काही बोललो नसतो. पावसात त्रास वाढला कारण पावसात गांडुळं आपोआप वर येतात, तुम्ही नाही दिली तरी पिल्लं वेचतात.

कोंबडी ते पचवते, टर्कीचं यकृत सडतं. एकदा का एका टर्कीला झालं की पुढे जंताचीही गरज उरत नाही, आजारी पक्ष्याच्या ओल्या शिटेतून दुसऱ्याला थेट लागतं, आणि कळपातली अर्ध्याहून जास्त टर्की जाणं ह्या रोगात काही नवल नाही. एकत्र चालतं का ह्याचं माझं उत्तर त्यामुळे नाही असंच आहे. त्या एकमेकींशी भांडतात म्हणून नाही (भांडतातही, ते पुढे येतंच), तर तुमची सगळ्यात धडधाकट, चकचकीत तुऱ्याची कोंबडी हीच टर्कीसाठी सगळ्यात धोक्याची असते आणि ती बघून कोणालाही संशय येत नाही म्हणून.

आता ह्याच आठवड्यात करायचं ते. सहा पिल्लं आणि मोठी जोडी आजच तिथून हलवा. जो पक्षी सुस्त दिसतोय तो बाकीच्यांपासूनही वेगळा. गांडुळं बंद. पुढचं पिल्लू मेलं (मरू नये, पण मेलं) तर पुरू नका, त्याच दिवशी प्लास्टिकमधे गुंडाळून, जमलं तर बर्फात घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि पोस्टमॉर्टेम करायला सांगा. यकृतावर बांगडीच्या आकाराचे, मधे खोलगट गोल डाग आणि त्या आंधळ्या पिशव्यांमधे पनीरसारखा घट्ट गोळा दिसला की डॉक्टरांना फार विचार करावा लागत नाही. नाही कळलं तर ते नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवू शकतात. जाणं जमत नसेल तर १९६२ ला फोन लावून बघा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे.

एक मात्र लक्षात ठेवा, कोंबड्या आणि बदकंही पटापट मरायला लागली, डोकी सुजली, तुरे निळे पडले, तर ते ब्लॅकहेड नव्हे. मग कुठलाही पक्षी घेऊन फिरायचं नाही, कापायचा नाही, विकायचा नाही, जागेवरून फोन करायचा. २००६ ला नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हापासून आपल्याकडे हा विषय चेष्टेचा राहिलेला नाही.

औषधाबद्दल स्पष्टच सांगतो, खात्रीचं औषध नाही. माणसांच्या जुलाबावरची मेट्रोनिडाझोलची गोळी द्या म्हणून सांगणारे तुम्हाला भेटतील, काही पक्षी त्याने वाचतातही, पण हे औषध खायच्या पक्ष्यांना द्यायला अमेरिका आणि युरोपात बंदी आहे आणि तुम्हाला तर हे पक्षी लोकांच्या ताटात पाठवायचेत. तेव्हा स्वतःच्या मनाने नाही, डॉक्टरांना आधी सांगायचं की हे विक्रीचे पक्षी आहेत, मग ते ठरवतील.

जंताच्या पावडरीचं पाकीट बघा. पायपेराझीन असेल (स्वस्तातल्या बऱ्याच पावडरींमधे तेच असतं) तर ते मोठ्या गोल जंतांवर चांगलं चालतं पण आपण बोलतोय त्या बारीक जंतावर फारसं चालत नाही. म्हणजे तुम्ही औषध दिलं, शिटेत मोठे जंत पडलेले दिसले, समाधान झालं आणि खरा चोर आतच राहिला. फेनबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोल बद्दल विचारा, आणि ते टर्कीला द्यायचं तसं कोंबड्यांनाही द्यायचं, उलट कोंबड्यांना जास्त नेमाने. डोस किती आणि नंतर किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत हे दोन्ही लिहून घ्या.

आणि आता ते ब्रॉयलरचं पोतं! ह्यावर कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लांबड लावतो. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सी (आतड्यांचा, रक्ती हगवणीचा रोग) होऊ नये म्हणून आधीच औषध मिसळलेलं असतं, आणि त्यातलं एक नेहमीचं नाव म्हणजे सॅलिनोमायसिन. ब्रॉयलरला जी मात्रा मानवते तीच टर्कीला विष आहे. मोठ्या टर्कीला तर लहानांपेक्षा जास्त. पायातली ताकद जाते, पक्षी छातीवर बसतो, पाय मागे ताणलेले, उठता येत नाही, आणि लोक म्हणतात लकवा झाला. नारासिन हे त्याचंच भावंड, तेही नको. पोत्याला शिवलेलं लेबल असतं ते वाचा, सहसा अगदी बारीक अक्षरात असतं, नाही सापडलं तर दुकानदाराला कंपनीत फोन लावून विचारायला सांगा, आणि तरी नाही कळलं तर ते खाद्य टर्कीपुढे ठेवू नका, कोंबड्यांना घाला. वर गंमत अशी की ज्या कॉक्सीसाठी एवढं केलेलं असतं ती कोंबडीची कॉक्सी टर्कीला लागतच नाही, टर्कीची कॉक्सी वेगळी असते.

मग खायला काय द्यायचं? टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला २८ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागतं, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त, म्हणून नुसत्या मक्याच्या भरड्यावर आणि तांदळाच्या कण्यांवर ती वाढत नाहीत, पाय वाकडे होतात. लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्यही पिल्लांना नको, त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम भरपूर असतं, ते कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. औषध नसलेलं स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य) मिळालं तर उत्तम, त्यात सोया पेंड, सुकटीचा चुरा, उकडलेलं अंडं. पिल्लं मोठी झाली की मग ही कटकट राहत नाही, हिरव्यावर टर्की कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त खूश असते, लसूणघास, शेवग्याचा पाला, कोबीची बाहेरची पानं, अझोला, काय टाकाल ते. तुमची तर आता चार महिन्यांची होत आली, त्यांना हिरवं भरपूर घाला.

पुढच्या वेळी पिल्लं घ्याल तेव्हासाठी: पहिल्या आठवड्यात टर्कीची पिल्लं उपाशी मरतात, समोर खाद्य असून. खरंच. त्यांना खायचं कसं हे पटकन कळत नाही आणि नजरही कमजोर असते. दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं बारीक कुस्करून द्या, पाण्यात लिटरला १०० मिली दूध असं पंधरा दिवस देतात, खाद्यावर कोथिंबीर किंवा कांद्याची पात बारीक चिरून भुरभुरवा, हिरवं दिसलं की चोच मारतात आणि चोच मारता मारता खायला शिकतात. पाण्याच्या भांड्यात गोटे टाकून ठेवा, नाहीतर बुडतात. बल्बखाली पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी. लाईट गेली की एकमेकांवर चढून गुदमरतात, त्यामुळे आजऱ्याच्या लाईटच्या भरवशावर राहू नका, निखाऱ्याची शेगडी तयार असू द्या, फक्त धूर कोंडू देऊ नका. (पावसात टर्की आकाशाकडे तोंड करून बुडून मरते ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच, ती थाप आहे. पिल्लं भिजून गारठून मरतात, एवढंच.) लसीचं वेळापत्रक दवाखान्यातून घ्या, मानमोडीची आणि देवीची चुकवू नका.

जागेकडे येऊ. जिथे गेली तीन-चार वर्षं कोंबडी फिरली नाही अशी जागा टर्कीला द्यायची. तुमच्याकडे जमीन उताराची असणार, तर खुराडं खाली आणि टर्की वर, उलटं अजिबात नको, कारण तुमच्याकडच्या पावसात खुराड्याची सगळी घाण पाण्याबरोबर खालच्या अंगाला उतरते. मधे चर मारा. तशी कोरी जागा नसेलच तर बांबूचं मचाण करा, जमिनीपासून दोन-अडीच फूट वर, फटीतून शीट खाली पडली पाहिजे आणि पक्ष्याचा पाय मातीला लागता कामा नये, दिसायला काही खास नाही पण ह्या रोगावर ह्याहून चांगली युक्ती मी तरी पाहिलेली नाही. मोठ्या पक्ष्यामागे चारेक चौरस फूट धरा. नुसता चुना मारून जंताची अंडी मरतात असं समजू नका. कुंपण पाच-सहा फूट, आणि एका बाजूच्या पंखाची लांब पिसं कापा, नाहीतर हलकी मादी सरळ फणसावर जाऊन बसेल आणि रात्री रानमांजर तिला घेऊन जाईल.

आणि रोजची सवय बदला: आधी टर्कीचं खाणंपाणी उरकायचं, मग कोंबड्यांकडे. टर्कीकडे जायची चप्पल वेगळी. घरात सगळ्यांनी पाळायचं, पोरंसोरं पण, कारण एक माणूस पाळतो आणि दुसरा खुराड्यातून सरळ तिकडे जातो तेव्हा ह्या सगळ्याचा काही उपयोग नाही. कोंबडखत टर्कीच्या बाजूच्या झाडांना घालू नका. बदकं ह्या रोगापुरती कोंबड्यांइतकी काळजीची नाहीत, पण पाण्याचा चिखल करतात, त्यामुळे तीही लांबच बरी.

मोठ्या नराचं काय, त्याला वेगळं करा, आजच, ह्यात विचार करण्यासारखं काही नाही. सात-आठ किलोचा नर सव्वा किलोच्या गावठी कोंबडीवर चढला तर पाठ फाटते, पाय मोडतो, मरूही शकते. त्याला एकच मादी आहे हे मूळ दुखणं, मध्यम वजनाच्या एका नराला पाच माद्या लागतात, नाहीतर त्या एकीचीही पाठ सोलवटून निघते. लंगडणारी कोंबडी डालग्याखाली ठेवा, आठ दिवसांत पाय टेकायला लागली तर ठीक. आणि कोंबडाही काही कमी नसतो बरं, टर्कीच्या चोचीवर लोंबणारा तो लाल तुकडा दिसला की कोंबडे नेमके तिथेच टोचतात.

अंडी कोंबडीखाली बसवण्याबद्दल: बसतात, आपल्याकडे सगळे तसंच करतात, मध्यम कोंबडीला सहा-आठ अंडी झेपतात. टर्कीच्या अंड्याला २८ दिवस लागतात, कोंबडीच्या अंड्याला २१, म्हणून दोन्ही मिसळून बसवू नका, आपली पिल्लं निघाली की कोंबडी उठते आणि टर्कीची अंडी थंड होतात. पण तुमच्या बाबतीत मी नको म्हणेन, कारण ती कोंबडी पिल्लांना घेऊन उकरायला नेणार ती त्याच मातीत, ह्या वेळीही बहुतेक तसंच झालंय. तुमची टर्कीची मादी खुडूक बसली तर तिलाच बसवा, दहा-पंधरा अंडी आरामात उबवते. नाही बसली तर कोंबडीला आधी जंताचं औषध देऊन बसवा आणि पिल्लं सुकली की लगेच काढून ब्रूडरमधे, म्हणजे बल्बच्या उबेत. तिचा जीव तुटेल, दोन दिवस आरडाओरडा करेल, करू द्या.

गोव्याच्या विक्रीचा विचार मात्र चांगला आहे, तुम्हाला गोवा जवळ आणि नाताळात तिथे टर्कीला गिऱ्हाईक असतं. टर्कीचा आणि गोव्याचा संबंध तसा फार जुना, पोर्तुगीजांच्या गोव्यातूनच १६१२ मधे एक टर्की जहांगीर बादशहाच्या दरबारात गेली, मुकर्रब खानाने नेली, आणि बादशहाला ती इतकी अजब वाटली की उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. असो. ह्या वर्षी सहा पिल्लांच्या भरवशावर कोणाला शब्द देऊ नका, आणि आजारातून उठलेला किंवा औषध चालू असलेला पक्षी तर विकायचाच नाही. पुढच्या वर्षी पिल्लं घ्यायची तर एप्रिलच्या मध्यापर्यंत घ्या, म्हणजे मिरगाच्या पावसापर्यंत आठ आठवड्यांची होऊन अंगभर पिसं आलेली असतात आणि डिसेंबरात आठ महिन्यांची, आपल्याकडच्या हलक्या मिसळ पक्ष्यांना एवढा वेळ द्यावाच लागतो. पुस्तकात सोळा आठवड्यांत सात किलो वगैरे वाचाल ते भारी जातींचं, गाडीवाल्याच्या पिल्लांचं नव्हे. घेताना पिल्लं कुठल्या हॅचरीची आणि कधीची हे विचारा, डोळ्याखाली सूज किंवा नाकातून पाणी असलेलं एकही दिसलं तर सगळा लॉट सोडा, ती सर्दी कोंबड्यांमधे नुसती खुरखुर करते पण टर्कीचं तोंड फुगवते.

तोपर्यंत मोठ्या मादीची अंडी खुशाल खा. एकेक ८५ ग्रॅमच्या आसपास भरतं, कवच जरा टणक, फोडताना कोंबडीच्या अंड्यापेक्षा जोर लावा. बऱ्याचदा दुपारनंतर घालते, सकाळी शोधून नाही सापडलं तर संध्याकाळी परत बघा. फक्त जंताचं औषध दिल्यावर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस सोडून.